१२ फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीला आतून स्प्रे कोटिंग करायचं आहे. काय वापरू आणि कसं मारू?

तुम्ही लिहिलंय की बोट ऐरोलीच्या खाडीत चालते, आतल्या रंगाचे पोपडे निघतायत आणि गॅरेजवाला गाडीच्या खाली मारतात ते काळं कोटिंग मारून देतो म्हणतोय. ते अजिबात मारू नका. ते डांबराचं किंवा रबराचं असतं. उन्हात मऊ पडून पायाला चिकटतं आणि पेट्रोल सांडलं की विरघळतं. पिकअपच्या हौद्यात मारतात ते हार्डनर मिसळायचं पॉलियुरेथेन बेडलायनर घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांचं गरम पॉलियुरियाही चांगलं, पण ते २ मिमी बसतं. बोटीची आतली बाजू साधारण १० चौरस मीटर धरली तर वीस किलोहून जास्त वजन कायमचं वाढतं. बेडलायनर अर्धा मिमी पुरे, त्याचं वजन सहा किलोच्या आसपास.

मुळात ५०५२ किंवा ५०८३ जातीचा पत्रा खाऱ्या पाण्यात उघडाही वर्षानुवर्षं टिकतो. कोटिंग हवं ते पाय घसरू नये, आवाज आणि चटका कमी व्हावा म्हणून. पण ते एका जागी जरी सुटलं तरी आत खारं पाणी शिरतं. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे पत्र्यावरचा संरक्षक ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही. वरून काहीच कळत नाही, नखाने उचललं की खाली ओलसर पांढरी पूड आणि तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. अर्धवट चिकटलेल्या कोटिंगपेक्षा उघडा पत्रा बरा. म्हणून सगळा जीव तयारीत ओता.

आधी गळती बघा. बोट स्टँडवर ठेवून आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून थेंब येतील त्या रिव्हेटवर खूण करा. ते रिव्हेट ठोकून घट्ट करा किंवा बदला. कोटिंगने गळती बुजेल या भरवशावर राहू नका.

मग जुना रंग काढा आणि गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ घालवा. तेलकटपणा घासण्याच्या आधी काढायचा, नाहीतर सँडपेपरच्या रेघांमध्ये तोच तेलाचा थर घुसतो. एका फडक्याने थिनर लावा, तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. सिलिकॉन सीलंट कुठे लागलेलं असेल तर खरवडून काढा, त्यावर काहीही धरत नाही. मग पाणी ओतून बघा. ते चादरीसारखं पसरलं तर पत्रा साफ, थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा.

पत्रा पूर्ण वाळला की ८० नंबरच्या सँडपेपरने घासा, कोपऱ्यांत स्कॉचब्राइट. लोखंडी तारेचा ब्रश लावू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच खड्डे सुरू होतात. घासल्यापासून चार तासांच्या आत ॲल्युमिनियमला चालणारा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. घासकामाची धूळ आणि थिनरची फडकी गोळा करून ठेवा. ऐरोलीची खाडी म्हणजे ठाणे खाडीच, आणि ती २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. ती घाण तिथे जाता कामा नये.

आपल्याकडे खरा घात दमटपणाने होतो. हार्डनरमधलं आयसोसायनेट हे रसायन पाण्याशी जुळलं की वायू सुटतो आणि थरात फुगे, टाचणीची भोकं राहतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत, दव उडाल्यावर ११ ते ३ ही वेळ उत्तम. आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम हवा. कंप्रेसरच्या लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच.

मालाचा हिशेब असा. डब्यावर घनभाग (वाळल्यावर उरणारा भाग) ५० टक्के असेल तर अर्धा मिमी सुक्या थराला चौरस मीटरमागे एक लिटर लागतो. म्हणजे १० लिटर, वर वाया जायला दीड-दोन लिटर. एका वेळी मालाच्या एकाच बाटलीत हार्डनर मिसळा. गनला ३ ते ४ बार दाब आणि दीड फूट अंतर ठेवा. पहिला हात पातळ, तासाभराने दुसरा आडवा. दाब कमी केला की खरखरीत उमटतं, वाढवला की बारीक. तळ खरखरीत ठेवा, बाजू बारीक. खरखरीत बाजूंत खवले आणि चिखल अडकून बसतो. रंग फिका राखाडी घ्या, काळ्यावर दुपारी अनवाणी उभं राहवणार नाही.

कोटिंग मारण्याआधी तळाच्या रिबमधली (आडव्या पट्ट्यांमधली) पाणी वाहायची भोकं आणि ड्रेन प्लगचे आटे टेप लावून झाका. भोकं बुजली तर पाणी तुंबतं आणि सगळी मेहनत वाया जाते. टेप शेवटचा हात ओला असतानाच ओढा, वाळल्यावर कडा फाटते.

आयसोसायनेटला धुळीचा मास्क चालत नाही. स्प्रे करताना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो, कारण एकदा त्याची ॲलर्जी जडली की दमा आयुष्यभर राहू शकतो. इमारतीच्या पार्किंगमध्ये तर मारूच नका. रंगारी असा मास्क आणणार नसेल तर तोच माल खरखरीत रोलरने लावून घ्या. थोडा जाडाभरडा दिसेल, पण चिकटायला काही कमी नाही.

२४ तासांनी हलक्या पायाने आत जा, पाण्यात मात्र आठवड्यानंतरच उतरवा. पुढे कुठे कडा उचललेली दिसली तर तिच्यावरच नवा थर फासू नका. घट्ट चिकटलेला भाग लागेपर्यंत ब्लेडने कापत जा, तिथून दोन इंच पुढेपर्यंत घासा, उघड्या पत्र्याला प्रायमर द्या आणि मग ब्रशने ठिगळ लावा.