त्या रात्री कोण कोणाला फोन करतं?

प्रश्न : ताई, आम्ही डागा लेआउटमधले. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे घरात कमरेएवढं पाणी होतं, आईला डायनिंग टेबलवर बसवून मी फोन लावत होतो. एका ऑफिसने म्हटलं तिकडे लावा, तिकडच्यांनी म्हटलं आमचं काम नाही. हे सगळे विभाग आधी कधी एकत्र बसतात का, की ज्याचं त्याचं वेगळंच चालतं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दादा, तुमच्या आई आता बऱ्या असतील अशी आशा करते, कारण त्या पुरात घरातून निघता न आलेल्या वयस्क बाया गेल्या आणि ते अजून मनातून जात नाही.

हो, बसतात. बसावंच लागतं, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदाच आहे तसा. जिल्ह्याचं प्राधिकरण असतं, कलेक्टर अध्यक्ष, झेडपीचे अध्यक्ष सहअध्यक्ष, पोलीस आणि आरोग्यवाले सदस्य, आणि जिल्ह्याचा प्लॅन दरवर्षी तपासून नवा करायचा असतो. २०२५ मध्ये कायद्यात बदल झाला, आता महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळं शहरी प्राधिकरण, त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष कलेक्टर. मला हा बदल खूप गरजेचा वाटतो, कारण ज्याचं पाणी त्या रात्री तुमच्याकडे शिरलं तो अंबाझरीचा तलाव मनपाचा, एसडीआरएफ म्हणजे आपत्ती प्रतिसाद दल राज्याचं, आर्मी केंद्राची, आणि पाणी तर कोणालाच विचारून येत नाही.

पण कागदावरचा प्लॅन वेगळा आणि बसणं वेगळं. मी एकदा एका तालुक्याच्या ठिकाणी टेबलटॉप सराव, म्हणजे टेबलाभोवती बसून तोंडी घेतलेला आपत्तीचा सराव, पाहिला होता. मोठा नकाशा पसरलेला, चहा चालू, आणि सराव घेणाऱ्या साहेबांनी एकच विचारलं, रात्रीचे अडीच वाजलेत, सांडव्यावरून पाणी जातंय, पहिला फोन कोण करणार? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मग एकाने यादीतला नंबर तिथल्या तिथे लावला तर तो साहेब कधीचाच बदलून गेलेला. तेव्हाच मला कळलं की अर्धं काम तर हेच आहे, नंबर चालू असणं, एकमेकांना चेहऱ्याने ओळखणं, आणि हुकूम कोणाचा चालेल हे आधी ठरलेलं असणं. त्यालाच इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम म्हणतात, म्हणजे फायर, पोलीस, अँब्युलन्स सगळ्यांनी जागेवर एकाच कमांडरचं ऐकायचं, बोटी कुठे जातील, पेशंट मेडिकलला की मेयोला, म्हणजे इथल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात, हे त्यानेच ठरवायचं. बुटीबोरीसारख्या एमआयडीसीत धोकादायक रसायनांचे मोठे साठे असले तर कारखान्याबाहेरचा म्हणजे ऑफसाइट प्लॅन वेगळा, त्याचा सराव वर्षातून एकदा तरी घ्यावाच लागतो.

आणि आपलं नागपूर तर बाप्पा, नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज इथेच होतं, आता तिथे एनडीआरएफची म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी, फायरचं राष्ट्रीय कॉलेजही इथेच, देशभरातून लोक शिकायला येतात. मग आपल्याच लेआउटला पाणी चढताना आधी कळू नये याचा मला मनापासून त्रास होतो.

एक गोष्ट मात्र सरावात हमखास राहून जाते, ती म्हणजे लोकांना सांगायचं कसं. त्या पहाटे मूकबधिर शाळेतल्या पोरांना बाहेर काढावं लागलं होतं. आता भोंगा वाजवून त्यांना काय कळणार? तिथे दारावर जाऊन हलवून उठवणारा माणूसच पाहिजे, आणि तो कोण हे प्लॅनमध्ये नावानिशी लिहिलेलं पाहिजे.

तुमच्याकडून एवढं करा. पावसाळ्याआधी लेआउटच्या ग्रुपवर तळमजल्यावर एकटे राहणारे, चालता न येणारे, ऑक्सिजनवर असलेले अशांची यादी करा आणि मनपाच्या झोन ऑफिसला नेऊन द्या, पोच घ्या. कलेक्टर ऑफिसच्या कंट्रोल रूमचा १०७७ आणि इमर्जन्सीचा ११२ हे दोन्ही नंबर आईंच्या फोनमध्येही टाकून ठेवा. आणि झोनमध्ये गेलात की विचाराच, आमच्या गल्लीत रात्री दार वाजवायला कोण येणार आहे, त्याचं नाव सांगा.