वर्दीची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी उंची 156 सेंमी, बारावी कला. अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलिसात जायचंय. अकादमीचे सर म्हणतात, लटकून उंची वाढते, फी भर. भरू का?
– एक वाचक, ता. मोर्शी

उत्तर : भरू नकोस. तिथे मुलींना 162 सेंमी लागतात. लटकून पाठ ताणली जाते, हाड वाढत नाही. सकाळी दिसलेला जास्तीचा सेंमी संध्याकाळी गायब!

एनडीएला, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीला, मात्र मुलींना 152 सेंमी पुरते, आणि लष्कराच्या शाखेला कोणतीही बारावी चालते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, मुलींना परीक्षा फी नाही. अडेल ते गणितात. लेखीच्या 900 पैकी 300 गुण त्याचेच, पास व्हायला त्यात वेगळे किमान गुण हवेत, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. अकादमीच्या फीपेक्षा अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं स्वस्त पडतील.

नाहीच जमलं, तर कॉलेज निवडताना आधी विचार, मुलींची एनसीसी आहे का? पहिल्या वर्षीच नाव घाल, कारण ‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळतं. त्यात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला 50 टक्के असतील, तर लष्करात अधिकारी होण्याच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा नसते, थेट एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत.

प्रश्न : उंची 164. अग्निवीरची लेखी झाली. 1600 मीटरला 8 मिनिटं 25 सेकंद लागतात, तिसऱ्या फेरीत दम तुटतो. रोज डांबरी रस्त्यावर पूर्ण अंतर धावते.
– एक वाचक, ता. आरमोरी

उत्तर : 8 मिनिटांच्या पुढे गेलीस की बाहेर. साडेसातच्या आत आलीस तर पहिला गट, म्हणजे 400 मीटरची फेरी 1 मिनिट 52 सेकंदांत. बहुतेक मुली पहिली फेरी दीड मिनिटात उरकतात आणि तिसरीत त्याची किंमत मोजतात. घड्याळ लावून पहिली फेरी मुद्दाम 1:55 ला संपव.

रोज पूर्ण अंतर नको. आठवड्यात दोनदा 400 मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं चालणं. दोनदा चार किलोमीटर सावकाश. डांबरावर नडगी दुखते, पांदणीवर धाव. 10 फूट लांब उडी आणि 3 फूट उंच उडी विसरू नकोस.

प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन बघ. 12 च्या खाली असेल तर दम तुटण्याचं ते एक कारण असू शकतं. तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून ती तपासणीही करून घे. सिकलसेलचा ॲनिमिया लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

आणि आजच दहावीची मार्कशीट आधारशेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघ. आधार दुरुस्तीत दिवस जातात.