पुस्तक सुचवायला बसलास, तर आधी एवढंच धर

भावा, पेठेतल्या वाचनालयात लोकांना पुस्तकं सुचवायचं काम अंगावर घेतलंस, लई बरं वाटलं. सुरुवातीला तीनच गोष्टी धर.

१. आधी विचार, मग सुचव. "शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलं? कुठलं मध्येच सोडलं?" सोडलेल्या पुस्तकातून माणसाची आवड जास्त कळते. नव्या पोरांची हमखास चूक हीच, की स्वतःचं लाडकं पुस्तक समोर येईल त्याच्या हातात द्यायचं. मीही वर्षभर हेच केलं. शाळा सुटल्यापासून काही न वाचलेल्या एका काकांना जाडजूड 'मृत्युंजय' दिलं. चाळीस पानांवर परत आलं. मग 'बनगरवाडी' दिली. लहानशी, सरळ भाषेतली. आठवड्यात संपवून दुसरं मागायला आले!

२. वयावर जाऊ नकोस. दहा वर्षांच्या पोरीला 'फास्टर फेणे' दे, पण तिच्या आजीलाही ते आवडू शकतं. आजीसाठी मोठा टाईप मात्र बघ. आणि पोराचं पुस्तक पोरालाच निवडू दे, आईला नको.

३. एका वेळी दोनच पुस्तकं पुढं ठेव: एक ओळखीच्या वाटेवरचं, एक जरा वेगळं. शेतातली माणसं आवडणाऱ्याला कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' आणि सोबत एखादं प्रवासवर्णन.

न वाचलेलं पुस्तक छातीठोकपणे सुचवू नकोस. "मी वाचलं नाही, तुम्ही वाचून सांगा," म्हण. लोक खरंच येऊन सांगतात.

याद्या, वर्गवारी नंतर बघू. सवड काढून १८५० पासूनच्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, कपाटांपुढं नुसता तासभर उभा राहा.