उपचाराची संमती वेगळी, संशोधनाची वेगळी

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला हायड्रोसेफलस (मेंदूत पाणी साठण्याचा विकार) असून तान्हेपणीच शंट (ते जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवला होता. गेल्या वर्षी तो बंद पडला, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयाने एका संशोधन अभ्यासाचे कागद समोर ठेवले. या अभ्यासात सोडतीने काही मुलांना शंटमधील प्रवाह नियंत्रित करणारा नेहमीचा व्हॉल्व्ह आणि काहींना बाहेरून दाब बदलता येणारा नवा व्हॉल्व्ह बसवतात आणि पुढे दोन वर्षे दर सहा महिन्यांनी एमआरआय व स्मरणशक्तीच्या चाचण्या करतात. तिचे वडील परदेशी नोकरीला असल्याने सही मी एकटीने केली. कागदांची प्रत मिळाली नाही. तिला नवा व्हॉल्व्ह मिळाला, पण महिन्याभरात संसर्ग झाला, पूर्ण शंट काढून पुन्हा बसवावा लागला आणि त्याचे बिल आम्हीच भरले. संसर्गाचा अभ्यासाशी संबंध नाही, असे डॉक्टर म्हणतात. आता मुलगी जादा एमआरआयला ठाम नकार देते. वडील म्हणतात, त्यांची सही नसल्यामुळे सगळेच बेकायदा आहे. अभ्यास सोडल्यास पुढील तपासणी याच विभागात होईल याची खात्री नाही, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि कागदावर त्या एकमेकींत मिसळल्या. बंद पडलेला शंट बदलणे हा उपचार होता आणि अभ्यास नसता तरी तो करावाच लागला असता. कोणता व्हॉल्व्ह बसवायचा हे सोडतीने ठरवणे, जादा एमआरआय आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या हे मात्र संशोधन आहे. आपला प्रत्येक प्रश्न या दोन भागांत वेगळा करून विचारावा, कारण कायदा दोहोंना वेगळी मापे लावतो.

प्रथम हा अभ्यास कोणत्या नियमांखाली चालला आहे ते निश्चित करा. नवा व्हॉल्व्ह भारतात विक्रीसाठी अद्याप मंजूर नसेल, तर त्याची चाचणी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येते आणि तिला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची पूर्वपरवानगी लागते. दोन्ही व्हॉल्व्ह आधीच मंजूर असतील आणि केवळ त्यांची तुलना होत असेल, तर सामान्यतः तो जैववैद्यकीय संशोधनाचा भाग ठरतो; त्याला नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ मधील संबंधित तरतुदी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया ही अशा चाचण्यांची नोंदवही कोणालाही विनामूल्य पाहता येते. अभ्यासाचा नोंदणी क्रमांक माहितीपत्रकावर असायला हवा. त्यावरून प्रायोजक कोण, मुख्य संशोधक कोण आणि कोणत्या नीतिसमितीने, म्हणजे सहभागींचे हित तपासणाऱ्या समितीने, मान्यता दिली हे कळेल.

आता वडिलांच्या सहीविषयी. त्यांचा आक्षेप समजण्यासारखा आहे, परंतु तो जसा मांडला आहे तसा टिकणार नाही. आपण हिंदू कायद्याखाली येत असाल, तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये वडिलांनंतर आई हा क्रम आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात स्पष्ट केले की येथे ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर एवढेच नसून त्यांच्या अनुपस्थितीतही. वडील परदेशी आणि शंट बंद पडलेला, अशा वेळी शस्त्रक्रियेला आपण दिलेली संमती पुरेशी होती, असे माझे मत आहे. संशोधनाच्या भागाचे उत्तर इतके सरळ नाही. एका पालकाची संमती चालेल की दोघांची लागेल हे नीतिसमितीने ठरवायचे असते. धोका अल्प असेल किंवा मुलाला थेट लाभ होणार असेल तर एकाची सही सामान्यतः पुरते; धोका त्याहून अधिक असेल किंवा मुलाला लाभ नसेल तर दोघांची सही मागितली जाऊ शकते. म्हणून समितीचे मान्यतापत्र मागा. त्यात दोघांची सही आवश्यक असल्याचे लिहिले असूनही एकाच सहीवर आपल्या मुलीला सामील करून घेतले असेल, तर तो अभ्यासाच्या मान्य आराखड्याचा भंग आहे आणि तेव्हा वडिलांच्या म्हणण्याला खरे वजन येईल.

मला याहून अधिक खटकते ती वेळ. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, मूल वेदनेत असताना, संशोधनाचा कागद वाचून विचार करण्यास पुरेसा अवधी मिळाला असे म्हणणे कठीण आहे. स्वाक्षरी केलेल्या संमतिपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मिळणे हा आपला हक्क आहे. ती न देणे ही दुय्यम त्रुटी समजू नका.

मुलीच्या नकाराविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या पत्रात तो शेवटी आला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अग्रभागी असायला हवा. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी अनुमती, म्हणजे मुलाचा स्वतःचा होकार, पालकांच्या उपस्थितीत घ्यायची असते आणि तिची नोंद ठेवायची असते. बारा वर्षांपुढे ती लेखी घेतात. मुलाचा नकार डावलून पालकांच्या संमतीवर सहभाग चालू ठेवण्यास औषध चाचण्यांच्या नियमांत एक अपवाद आहे, परंतु तो गंभीर किंवा जीवघेण्या आजारावरील उपचारात्मक अभ्यासापुरता, आणि तोही सहभाग न घेतल्याने मुलाचे हित धोक्यात येईल असे संशोधक व पालक या दोघांचे मत असेल तरच. केवळ अभ्यासासाठी होणारा एमआरआय या अपवादात बसवणे मला शक्य वाटत नाही. शिवाय दाब बदलता येणारे अनेक व्हॉल्व्ह चुंबकाने नियंत्रित होतात. एमआरआयमुळे त्यांची मांडणी बदलू शकते, त्यामुळे प्रत्येक एमआरआयनंतर ती तपासून घ्यावी लागते. म्हणजे हा ‘फक्त एक फोटो’ नाही. पहिल्या दिवशी मुलीला हे समजेल अशा भाषेत सांगितले होते का आणि तिची अनुमती कोठे नोंदवली आहे, हे लेखी विचारा. उपचारासाठी डॉक्टरांना एमआरआय आवश्यक वाटला, तर ती वेगळी बाब आहे. तो अभ्यासाच्या वेळापत्रकानुसार नव्हे, तर लक्षणांनुसार ठरेल आणि तिथे पालक म्हणून आपला निर्णय चालेल.

अभ्यास कोणतेही कारण न देता केव्हाही सोडता येतो आणि त्यामुळे मुलीच्या नेहमीच्या उपचारात बाधा येता कामा नये. आपल्याला जे सांगण्यात आले ते या तत्त्वाच्या थेट विरुद्ध आहे. ते कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणासमोर सांगितले हे आजच लिहून ठेवा. मात्र एक सावधगिरी बाळगा. अभ्यास सोडणे म्हणजे व्हॉल्व्ह काढणे नव्हे. नीट चालणारा व्हॉल्व्ह केवळ अभ्यास सोडला म्हणून काढणे म्हणजे विनाकारण आणखी एक शस्त्रक्रिया ओढवून घेणे होईल. तेव्हा जादा एमआरआय व चाचण्या बंद कराव्यात, सुरक्षिततेसाठी लागणारी तपासणी चालू राहावी आणि आतापर्यंत जमा झालेल्या माहितीचे काय होणार ते कळवावे, अशा तीन स्वतंत्र गोष्टी अर्जात लिहा.

बिलाच्या प्रश्नावर मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. अभ्यास नसतानाही शंटमध्ये संसर्ग होतो, हे खरे आहे. ब्रिटन व आयर्लंडमध्ये प्रथमच शंट बसवलेल्या १,६०५ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, साध्या शंटच्या गटात सुमारे ६ टक्के आणि प्रतिजैविकयुक्त शंटच्या गटात सुमारे २ टक्के रुग्णांचा शंट संसर्गामुळे बदलावा लागला. याच अभ्यासामुळे कोणता शंट अधिक सुरक्षित हे ठामपणे सांगता आले, म्हणून अशा अभ्यासांकडे मी संशयाने पाहत नाही. परंतु एखादी गुंतागुंत परिचित आहे एवढ्याने ती अभ्यासाशी असंबंधित ठरत नाही. विचारायचे प्रश्न असे की, अभ्यासामुळे शस्त्रक्रियेचा कालावधी वाढला का, नव्या व्हॉल्व्हसाठी वेगळी पद्धत वापरली का, मान्य आराखड्यातील जंतुसंसर्ग टाळण्याची पथ्ये मोडली गेली का, आणि याच व्हॉल्व्हच्या गटात संसर्ग अधिक दिसत आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर आपला दावा भक्कम होतो. सर्व उत्तरे नकारार्थी असतील तर तो कमजोर आहे. हा निर्णय केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांवर सोपवता येत नाही, कारण तेच संशोधकही आहेत. नीतिसमितीने हा प्रश्न तपासला पाहिजे. संसर्गाची घटना समितीला कळवली होती का आणि कोणत्या तारखेला, हेही विचारा. रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावे लागणे ही गंभीर प्रतिकूल घटना मानली जाते. संशोधनापोटी झालेल्या तपासण्यांचा खर्च सहभागी व्यक्तीकडून घेता येत नाही, मग ती कोणत्याही गटात असो. म्हणून त्या बिलातून, आणि आजवरच्या सर्व बिलांतून, अभ्यासासाठीचे एमआरआय व चाचण्या वेगळ्या काढा. ती रक्कम परत मागण्यास संसर्गाचे कारण सिद्ध करण्याची गरज नाही.

अर्ज नीतिसमितीच्या अध्यक्षांच्या नावे करा, त्याची प्रत मुख्य संशोधकांना द्या आणि दोन्हींवर पोच घ्या. त्याच दिवशी केस पेपरच्या प्रतींसाठी वेगळा अर्ज द्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार त्या ७२ तासांत मिळायला हव्यात. त्यात शस्त्रक्रियेची टिपणी, जंतुतपासणीचे अहवाल आणि व्हॉल्व्हच्या वेष्टनावरील नाव व क्रमांकाचे लेबल आहे का ते पाहा. दोन्ही शस्त्रक्रियांतील व्हॉल्व्हची लेबले मागा, कारण दुसऱ्या वेळी कोणता बसवला हे आपल्या पत्रातून स्पष्ट होत नाही आणि एमआरआयविषयीचे वरील म्हणणे त्यावरच अवलंबून आहे.

समितीचे उत्तर आले नाही किंवा निष्काळजीपणाचा ठोस पुरावा हाती लागला, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, कारण आपण शुल्क भरून सेवा घेतली आहे. तेथे मुदत दावा करण्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि गेल्या वर्षीचा काही काळ त्यात आधीच गेला आहे. समितीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत आपोआप वाढत नाही. संसर्गाच्या निदानाची तारीख डिस्चार्ज कार्डावरून काढून ती अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहा.