बीकॉम झालंय, पणजीच्या कॅसिनोत डीलर म्हणून निवड झालीय, आई नको म्हणते. जावं का?

मी आधी डीलर होते, आता नव्या मुलामुलींना शिकवते. तुमचं घर सिंधुदुर्गात बांद्याजवळ, माझंही माहेर त्याच बाजूला, तेव्हा मोकळेपणी लिहिते.

आईला सांगा, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी सरकारी परवान्यावर चालतात आणि डीलर स्वतः खेळत नाही, तो फक्त पत्ते वाटतो आणि जिंकलेल्याचे पैसे चुकते करतो. गोवेकरांना तर 1 फेब्रुवारी 2020 पासून आत खेळायलाच बंदी आहे. गिऱ्हाईक सगळं बाहेरचं.

ट्रेनिंगमध्ये पत्त्यांपेक्षा पाढे जास्त. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावरच्या आकड्यांच्या खेळात, एका आकड्याला 35 पट, दोन आकड्यांमधल्या रेषेला 17, चौघांच्या कोपऱ्याला 8. लागलेल्या आकड्यावर 3 चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) आणि रेषेवर 4 असतील तर 105 अधिक 68, म्हणजे 173. कॅल्क्युलेटर नाही, गिऱ्हाईक डोळे वटारून बसलेलं. झेडपीच्या शाळेत पाढे घोकलेली पोरं इथे भल्याभल्यांना मागे टाकतात. मग हातांची शिस्त: टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवायचे. ही सवय इतकी मुरते की मी घरी ओट्यावरून बाजूला होतानाही तळवे दाखवते. सासूबाई हसतात.

त्रास आहे तो रात्रीचा. दिवाळी आणि 31 डिसेंबरला सुट्टी मागायचीच नाही. हरलेला माणूस तुमच्यावरच चिडणार. उलट बोलायचं नाही, टेबलांवर देखरेख करणाऱ्या पिट बॉसला बोलवायचं. तरी डीलर बरा. स्टेजवर नाचणाऱ्या-गाणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुली कंत्राटावर होत्या. मार्च 2020 मध्ये कॅसिनो बंद झाले ते नोव्हेंबरात उघडले. तेवढे महिने त्यांच्या हातात काही नाही. एकीने गावी जाऊन शिकवण्या घेतल्या.

धंदा कराच्या तालावरही हलतो: ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर जीएसटी 28 टक्के, सप्टेंबर 2025 पासून 40. म्हणून हेच आयुष्यभर करीन असं धरून येऊ नका. चार पैसे साठवा, बाहेरून एमकॉम करत राहा.

माझं मत, जा. पण बांद्याहून रोज ये-जा नको. पहाटे सुटून हायवे गाठणं जमत नाही. पणजीजवळ पर्वरीत दोघी-तिघींनी मिळून खोली घ्या. ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, टिपा कशा वाटतात, रात्रीची गाडी दारापर्यंत सोडते का, हे सही करण्याआधी विचारा. आणि मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतो असं कुणी म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.