मिक्सर घ्यावा की फूड प्रोसेसर? कुठली फीचर्स खरंच कामाची असतात?

तुम्ही विचारलंय की लग्नानंतर गोव्यात पर्वरीला फ्लॅट घेतलाय, दोघंही नोकरीवाले, पंधरा हजारांत मिक्सर, फूड प्रोसेसर, इंडक्शन, एअर फ्रायर यातलं काय काय घ्यावं आणि कुठली फीचर्स बघून घ्यावं. मी इथे एरवी नुसती वाचायला येते. पण एकाने तुम्हाला ‘डोळे मिटून फूड प्रोसेसर घ्या, सगळं एकात येतं’ असं सांगितलेलं बघितलं आणि राहवलं नाही. असा डोळे मिटून घेतलेला एक प्रोसेसर माझ्या माळ्यावर आहे.

२०१८ ची चवथ. आमचं घर फोंडा तालुक्यात, गणपती पाच दिवसांचा, आणि चवथीला पुण्या-मुंबईचे सगळे धरून पानाला बावीस माणसं. माझा जुना मिक्सर मी २००१ साली भिशीच्या पैशातून घेतला होता, पाचशे वॅटचा, पांढरा होता तो पुढे पिवळा पडला, बटण फिरवताना एक विशिष्ट आवाज यायचा. सतरा वर्षांत दोनदा मोटरमधले कार्बन ब्रश बदलले, कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं यांच्यामधला तुकडा, किती बदलले ते मोजले नाहीत, बाजारात पंचवीस-तीस रुपयाला मिळायचा आणि मी स्वतः बसवायचे. चवथीच्या दोन दिवस आधी मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या, बाजाराला गेले होते, कांगलां, आंबाडे, तोरिंगां, सगळं घेऊन घामाघूम होऊन घरी येते तर ओट्यावर हा एवढा मोठा चकचकीत खोका. माझे दीर पुण्याहून आले होते. ‘वहिनी, सरप्राइज!’ बारा अटॅचमेंट, टचचं पॅनल, काचेचं भांडं. मी म्हटलं छान आहे हो भावोजी, पण माझा मिक्सर कुठे ठेवलात? तर म्हणे सकाळी दारावर भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकला, जागा अडवत होता ना.

आता यात त्यांचा हेतू चांगलाच होता हे मला नवऱ्याने इतक्या वेळा सांगितलंय की पाठ झालंय.

चवथीच्या दिवशी सकाळी खतखत्याचं वाटण, मुगागाठीचं वाटण, पातोळ्यांचे तांदूळ, सगळं त्या नव्या यंत्रावर. पहिली गोष्ट, ते सुरूच होईना. भांड्यावरचा बाण आणि खालचा बाण अगदी समोरासमोर आल्याशिवाय मोटर चालू होत नाही, सुरक्षेसाठी असतं म्हणतात, ठीक आहे, पण नारळाच्या ओल्या हाताने ते फिरवून बघा तुम्ही. दुसरी गोष्ट, भांडं पावणेदोन लिटरचं आणि पातं तळापासून वर. नारळ घातला की कडेला उडून चिकटून बसायचा, पातं मधल्या मधे हवेत फिरतंय, थांबवा, उघडा, चमच्याने खाली ढकला, परत बाण जुळवा. दहा मिनिटांनी जे निघालं ते वाटण नव्हतं, ओला खोवलेला नारळ होता, वर पाणी वेगळं आणि खाली खोबरं वेगळं. आमच्याकडे वाटण बोटावर घेऊन बघतात, कण लागला की परत आत. तिसऱ्या घाण्याला वास आला आणि यंत्र बंद. भावोजींनी उलटं करून खालचं लाल बटण दाबलं, वीस मिनिटं थांबलो, चालू झालं, परत बंद, आणि मग कायमचंच.

साडेदहा वाजलेले, बाराला पूजा. मागच्या पडवीत रगडो, आमचा वाटायचा दगड, होता, सासूबाई गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता, त्यात पावसाचं पाणी साचून बेडकांची पिल्लं झालेली. ती मुलांनी बादलीत काढून विहिरीपाशी सोडली, मी आधण ओतून दोनदा घासला आणि बसलो वाटायला. मी आणि माझी जाऊ. म्हणजे भावोजींचीच बायको, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी, पैठणी खोचून रगडो फिरवतेय आणि फिरवता फिरवता नवऱ्याला जे बोलतेय ते सणाच्या दिवशी लिहू नये असं. पण वाटण? लोण्यासारखं. दगड हळू फिरतो म्हणून नारळ तापत नाही, मिक्सरचं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या मारतं, जास्त वेळ चालवलं की भांडं गरम होतं आणि खोबऱ्याचं तेल सुटायला लागतं. म्हणून मिक्सरलासुद्धा थांबून थांबून वाटायचं, आणि पाणी थंड घालायचं.

सर्व्हिस सेंटर निघालं पणजीला. तिथे सांगितलं की कपलर मागवावा लागेल, तीन आठवडे. तीन आठवडे! गणपती गेले, नवरात्र जवळ आलं. तोपर्यंत मी भंगारवाल्याकडे जाऊन आले होते. माझा मिक्सर त्याने तांब्यासाठी कधीच उघडला होता. छोटं चटणीचं भांडं तेवढं शिल्लक होतं, ते पन्नास रुपये देऊन परत घेतलं, नव्या मिक्सरला ते बसत नाही, त्यात मी चमचे ठेवते.

तर तुमचा प्रश्न. नारळाचं वाटण रोज लागणार असेल, आणि गोव्यात राहायला आलात म्हणजे हुमण, आमची माशाची आमटी, शिकणारच, तर साधा तीन भांड्यांचा मिक्सर घ्या, साडेसातशे वॅट, फिरवायच्या बटणाचा. पाचशे पण चालतो, माझा सतरा वर्षं चालला, पण धने-मिरच्या आणि भिजवलेले तांदूळ नेहमी असतील तर साडेसातशे बरा. त्याच्या वर हजार वॅट दोन माणसांना कशाला? दुकानदार वॅटवर बोलतो कारण तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. तुम्ही छोटं भांडं उघडून आत बघा. पातं तळाला किती जवळ आहे? एका वाटीचं वाटण त्यात होईल का? झाकण घट्ट बसतं का, की चालवताना वरून हात दाबून उभं राहावं लागेल? भांड्याला धरायची मूठ आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला विचारायचं, याचा कपलर तुमच्याकडे आहे का, आत्ता, दाखवा. काही अडकलं तर कपलर तुटतो आणि मोटर वाचते, म्हणजे तो कधीतरी तुटणारच. ‘सर्व्हिस सेंटरला फोन करा’ असं उत्तर आलं की पुढच्या दुकानात जा.

टच पॅनल घेऊ नका. आमच्याकडे जून ते सप्टेंबर मिठाची बरणी ओली होते, तिथे टच कसला? फिरवायचं बटण बिघडलं तर बाजारातला कुठलाही दुरुस्तीवाला शंभर-दोनशेत बदलतो. काचेचं भांडं पण नको, दिसायला छान, धुताना एकदा निसटलं की संपलं.

भावोजींचं म्हणणं अजून हेच आहे की वहिनी, तुम्हाला नवीन शिकायचंच नाहीये. बरं. साठच्या दशकात सीमेन्समध्ये काम करणाऱ्या माथुर नावाच्या इंजिनियरच्या बायकोचा परदेशी मिक्सर आपलं वाटण करता करता जळाला, म्हणून त्यांनी तगडी मोटर बसवून ‘सुमीत’ काढला, आणि मग तो घराघरांत गेला. ती बाई काय मागासलेली होती? तिकडचं यंत्र तिकडच्या कामासाठी बनलेलं होतं, इकडच्या नारळाला आणि हळकुंडाला ते पुरलं नाही, एवढी साधी गोष्ट. हे मी त्यांना दोन चवथी सांगतेय.

इंडक्शन घ्या, गॅस संपला की उपयोगी पडतो आणि दूध, चहा, भात यांना चांगला. पण आधी ओट्यावरचं सॉकेट बघा. साध्या सहा अँपियरच्या सॉकेटवर जेमतेम तेराशे-चौदाशे वॅट चालतात आणि इंडक्शन असतो दोन हजारापर्यंत, म्हणजे सोळा अँपियरचं मोठं सॉकेट पाहिजे, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून वेगळी वायर ओढून घ्या, मल्टिप्लगवर लावू नका. भांड्यांच्या बुडाला फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघायचं, चिकटलं तर ते चालेल. मातीचं कुंडलं, तांबं, साधं अ‍ॅल्युमिनियम, काही चालत नाही. हुमण कुंडल्यातच करायचं असेल तर ते गॅसवर.

एअर फ्रायरबद्दल मला विचारू नका. रवा लावलेला बांगडा तव्यावर तेलातच बरा लागतो. भाचीकडे आहे, ती फ्रेंच फ्राइज करते, खूश आहे.

एक राहिलं. कणीक रोज दहा-बारा जणांची मळायची असेल किंवा हाताला, मनगटाला त्रास असेल तर फूड प्रोसेसर खरंच उपयोगाचा आहे, हे मला कबूल करावं लागेल, माझ्या मैत्रिणीला संधिवात आहे आणि ती त्याच्याशिवाय पोळ्या करूच शकत नाही. सान्नां (आमच्या इडल्या) नाहीतर डोसे दर दोन दिवसांनी करणार असाल तर वेट ग्राइंडर बघा, कोईमतूरचे नावाजलेले आहेत, त्यांना जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, आतमध्ये दगडच फिरतो, म्हणजे आमचा रगडोच, फक्त प्लग लावलेला. पण जड असतो आणि धुवायचा कंटाळा येतो, दोघांसाठी मी नाही घेणार. आणि सगळेच प्रोसेसर वाईट असंही नाही, आमच्या वाट्याला आलेला कदाचित खराब पीस असेल. जाऊबाई म्हणतात तो पीस नव्हता, निवड खराब होती, पण त्या निवडीत त्या स्वतः पण येतात हे मी त्यांना म्हटलं नाही.

नवीन मिक्सर मी त्याच वर्षी दसऱ्याला फोंड्याच्या बाजारातून घेतला, अजून चालतोय, एकदा ब्रश बदललेत. भांडं अर्ध्याच्या वर भरत नाही, सलग चालवत नाही, वापरून झाला की खालची फट कोरड्या फडक्याने पुसते, तिथे पाणी राहिलं की गंज तिथूनच चढतो.

भावोजी हे वाचत असतील, ते इथे असतात मला माहीत आहे. प्रोसेसर दुरुस्त होऊन आलाय, माळ्यावर खोक्यातच आहे, अकरा अटॅचमेंट जागच्या जागी आहेत. चवथीला येताना गाडीत जागा ठेवा आणि परत न्या. लिंबं पिळायचं तेवढं मी काढून घेतलंय, ते मिळणार नाही.