गावाची सुट्टी आणि डँडेनाँगची फेरी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉर्नंबूलहून एका मुलीचं लांबलचक पत्र आलंय. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण मला आता चाळिशीच्या सगळ्या मुलीच वाटतात. नवरा तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, ही स्वतः हिशेबाचं काम करते, लेक चौदा वर्षांची, आणि दोन महिन्यांसाठी सासूबाई आल्यात मंचरहून. पत्रात काळज्या भरपूर आहेत. त्यातल्या बहुतेक मी शेवटी भराभर उरकणार आहे. तिने काळजी म्हणून लिहिलेलीच नाही, अशी एक गोष्ट मात्र मला खुपली. ती आधी.

पत्र असं आहे: "काकू, इथे मे महिन्याच्या सुरुवातीला तीन दिवस घोड्यांच्या शर्यती असतात. सगळं गाव वेडं होतं. ह्यांच्या ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांनी यंदा मार्की, म्हणजे मैदानातला मोठा तंबू, घेतलीय आणि आम्हा चौघांना बोलावलंय. आई म्हणतात, जुगाराच्या जागी मी पाऊल टाकणार नाही. लेक म्हणते घोडे पडतात, मरतात, मी येणार नाही, पण मैत्रिणी जाणार म्हणून डोक्यात घालायचं पिसांचं फॅसिनेटरही बघून ठेवलंय तिने. दारू तर वाहतच असते. मी काय घालायचं तेही कळत नाही. आणि हे हल्ली शनिवारी फोनवरून पाच-दहा डॉलर लावतात, गंमत म्हणून. एरवी आमचा प्रश्न सोपा असतो. शर्यतींच्या गुरुवारी गावाला सुट्टी असते, म्हणून आम्ही पहाटे निघून मेलबर्नजवळच्या डँडेनाँगला जातो, महिन्याचा किराणा भरतो, डोसा खातो आणि रात्री परत. सहा वर्षं असंच चाललंय. यंदा आमंत्रणामुळे पंचाईत झाली."

सोपा म्हणे! अगं, सुट्टी गावाची आणि तुम्ही गावात नाही, तेही सलग सहा वर्षं?

ही सुट्टी कशाची, ते तरी कधी विचारलंस का कुणाला? नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी मिळते व्हिक्टोरियात. तुमच्या गावाने ती सोडून स्वतःच्या शर्यतीची सुट्टी घेतली, मे महिन्यातल्या गुरुवारची. त्या दिवशी ग्रँड ॲन्युअल स्टीपलचेस, म्हणजे उड्या मारत धावायची अडथळ्यांची शर्यत, होते. 1872 पासूनची शर्यत आहे ती. साधारण साडेपाच किलोमीटर अंतर आणि 33 अडथळे. एका शर्यतीत इतक्या उड्या जगात दुसरीकडे कुठे नाहीत, असं वॉर्नंबूलकर छाती फुगवून सांगतात. घोडे नेहमीच्या गोल मैदानात फिरत राहत नाहीत. ते मैदान सोडून बाजूच्या कुरणांत शिरतात, कुंपणं ओलांडत जातात आणि वळून परत येतात. लोक ब्रायर्ली टेकडीच्या उतारावर उभे राहून ते बघतात. तुझी दंतवैद्य, लेकीच्या शाळेतली शिक्षिका, दूधवाल्या शेतकऱ्यांची अख्खी कुटुंबं, सगळे त्या उतारावर. आणि तुम्ही तेव्हा अडीचशे-तीनशे किलोमीटरवर तूरडाळीच्या रांगेत!

तुझ्या सासूबाईंना विचार, यात्रेच्या दिवशी मंचरच्या आसपासच्या गावांतलं कुणी गाव सोडून जातं का. उलट मुंबईला गेलेला माणूस रजा टाकून त्या दिवसासाठी परत येतो. वॉर्नंबूलचं तेच आहे. शिकायला, नोकरीला बाहेर गेलेली पोरं त्या आठवड्यात घरी येतात. शर्यत ही गावची जत्रा आहे, एवढं धरून चाल, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आता माझं ऐक. (आमच्या घरचे म्हणतात, हिच्या सदरात पत्रलेखकापेक्षा आमचीच माहिती जास्त असते. असू दे.) आम्ही न्यू साउथ वेल्समधल्या वॉगा वॉगाला राहायला गेलो तेव्हा मुलं लहान होती आणि गावात मराठी घर आमचं एकच. तिथे मे महिन्यात गोल्ड कप असतो, मरंबिजी टर्फ क्लबच्या मैदानावर. समोरच्या घरातली बाई येऊन म्हणाली, शुक्रवारी तुम्हाला घ्यायला येते. विचारलं नाही, सांगितलं. ह्यांना शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे शेतीसंशोधनातले, घोड्यापेक्षा त्याच्या चाऱ्यात जास्त रस. पण जिथे घोडे फिरवून दाखवतात त्या कुंपणापाशी आम्ही उभे राहिलो, अगदी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. थंडीत घोड्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. जॉकी म्हणजे जेमतेम आमच्या थोरल्याएवढी उंची, पण मनगटं सुताराची. शेजारी टोपीवाला एक म्हातारा होता. त्याने ह्यांच्या हातातली शर्यतीची यादी घेतली आणि पेन्सिलीने दाखवायला लागला: हा आकडा वजनाचा, हा गेल्या वेळचा क्रमांक, आणि ही खूण म्हणजे ओल्या मैदानावर बरा धावतो. ह्यांनी मध्येच पावसाचं काहीतरी विचारलं आणि दोघं गव्हावर घसरले. शर्यत संपली तरी बोलणं संपेना. पुढे अनेक वर्षं त्याच्या शेतावरून आमच्याकडे कोकराचं मटण येत होतं आणि आमच्याकडून त्याच्याकडे लिंबाचं लोणचं जात होतं.

2012 च्या मार्चमध्ये मरंबिजी नदीला पूर आला. मध्य वॉगा रिकामं करा असा हुकूम निघाला. तेव्हा आमचं घर तिथेच होतं. कॅनबेरातल्या मराठी ग्रुपवर भराभर "काळजी घ्या" आले, नमस्काराचे हात जोडून. मनापासूनच आले, मी नाकारत नाही. पण दारात ट्रेलर घेऊन कोण उभं राहिलं? तो पेन्सिलवाला म्हातारा आणि त्याचा जावई. गाद्या, फ्रीज आणि माझे देव त्यांनी उचलून नेले. बांध टिकला, आमचं घर वाचलं, पण उत्तर वॉगात पाणी शिरलं होतं आणि त्या रात्री आम्हाला कळलं होतं की या गावात झोपायला आपल्याला चार घरं आहेत.

माझ्या नणंदेचं उदाहरण याच्या अगदी उलट. ती शेपर्टनला राहायची, दर शुक्रवारी संध्याकाळी गाडी मेलबर्नकडे. भिशी मेलबर्नला, मुलांचा तबल्याचा क्लास मेलबर्नला, मैत्रिणी मेलबर्नला. कायमचं मेलबर्नला घर घेतलं तेव्हा शेपर्टनमध्ये निरोप घ्यायला कुणी नव्हतंच; मालाची गाडी आली, किल्ली एजंटला दिली, संपलं. तिला हे लिहिलेलं आवडणार नाही, पण ती माझं सदर वाचत नाही.

मराठी मंडळाशी माझं वैर नाही, लगेच कुणी फोन करू नका. गणपतीत उकडीचे मोदक मीही वळते. पण लहान गावात राहायला आलेली आपली माणसं, मग ती हॉस्पिटलसाठी आलेली असोत की व्हिसाच्या नियमात बसण्यासाठी, गावाकडे प्रतीक्षालय म्हणून बघतात. तीन वर्षं काढायची, कागद झाले की शहर गाठायचं. मग गावातल्या माणसांनी तुम्हाला का लक्षात ठेवावं? तुम्ही पाणीपट्टी त्या गावाची भरता, त्या गावातल्या लोकांना भूल देऊन शुद्धीवर आणता, आणि त्यांच्या वर्षातल्या एका दिवशी पळ काढता. तुझा नवरा रोज त्या परिचारिकांबरोबर उभा असतो. त्यांनी आपल्या पैशांनी मार्की घेऊन त्यात चार जागा तुमच्यासाठी ठेवल्या, सासूबाईंची जागासुद्धा धरली. आपल्याकडे लग्नाला बोलावलेल्याने न कळवता दांडी मारली तर वर्षभर बोलणी खावी लागतात. इथे बोलणार कुणी नाही, फक्त पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. तेव्हा जा. चौघं जा. किराणा रविवारी आणता येतो, डाळ कुठे पळून जात नाही.

आता सासूबाई. त्यांचा राग मला कळतो, कारण माझा मामा पुण्याच्या रेसकोर्सवर जायचा. पावसाळा आला की मामीचा जीव टांगणीला, कारण पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला. "रेसचा नाद" हे दोन शब्द ज्या घरात ऐकलेत त्या घरातल्या बाईला, अगं, गंमत असते हो, असं सांगू नकोस. त्यांना एवढंच सांग की पैसे लावणं बंधनकारक नाही, तुम्ही खुर्चीत बसा आणि घोडे बघा. आणि जरा हळूच विचार, माहेरी बैलगाडा होता का. मंचरच्या बाईला घाट, म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी, माहीत नाही असं होणारच नाही. 2014 ला बंदी आली तेव्हा त्या भागात लोक हळहळले आणि 2023 च्या मेमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा भंडारा उधळला. "घाटाचा राजा" कोण झाला यावर ज्या घरात जेवताना वाद होतात, त्या घरातल्या बाईने घोड्याचा खांदा आणि पाय बघून सांगितलेला अंदाज मी तर डोळे झाकून मानेन. त्यांना कुंपणापाशी ने आणि विचार, यातला कुठला? एकदा विचारलंस की त्यांचं तोंड बंद होणार नाही.

आणि त्यांना हेही सांग की आपलं मुंबईचं महालक्ष्मीचं रेसकोर्स मेलबर्नच्या कॉलफील्डवर बेतलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात इथूनच जहाजं भरभरून घोडे हिंदुस्थानात जायचे, इंग्रजांच्या फौजेसाठी. म्हणजे घोड्यांची ये-जा आपल्या आधीपासून आहे. सून परदेशात काय काय बघते ते बघायला आल्यात ना त्या? मग हेही बघू देत.

बाकीचं भराभर.

लेकीचं म्हणणं खोटं नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पडतात, काही मरतात. न्यू साउथ वेल्सने ही शर्यत बंद केली, साउथ ऑस्ट्रेलियानेही, आता ती व्हिक्टोरियातच उरली आहे. 2011 मध्ये तर तुमच्याच मैदानात एक घोडा कुंपणावरून प्रेक्षकांत पडला आणि माणसं जखमी झाली. तिला हे लपवू नकोस आणि तिच्याशी वादही घालू नकोस. ग्रँड ॲन्युअलच्या वेळी तिला मार्कीत थांबायचं असेल तर थांबू दे. सपाट शर्यतीही असतात त्या दिवशी. पिसांचं फॅसिनेटर आणि घोड्यांची दया एकाच डोक्यावर राहू शकतात, चौदाव्या वर्षी तर नक्कीच. मात्र अठरा वर्षांखाली पैसे लावता येत नाहीत, आणि तिच्या नावाने तुम्हीही लावायचे नाहीत.

दारू: गाडी घरी ठेवा, मुख्य शर्यत झाली की तासाभरात निघा. त्यानंतरचं काही बघण्यासारखं नसतं.

कपडे: मे म्हणजे तिथे ओला गारठा आणि समुद्रावरचा वारा. सुईसारख्या टाचा गवतात रुततात, जाड टाचेचे बूट घाल. साडी नेसायची असेल तर खुशाल नेस, आत थर्मल, वर लोकरीचा कोट. पैठणीवर फॅसिनेटर मात्र नको, कृपा कर.

फोनवरचे पाच-दहा डॉलर: हे तू शेवटी, जाता जाता लिहिलंस, म्हणून मी जाता जाता वाचलं असं समजू नकोस. गावात बुकीसमोर उभं राहून वीस डॉलरची नोट देणं वेगळं. ती संपली की खिसा कळवतो. फोनला तळ नसतो. या देशात लोक जुगारात वर्षाला 25 अब्ज डॉलरपेक्षा जास्त घालवतात, ते सगळे काही शर्यतीच्या मैदानावर नाही. एका संध्याकाळी दोघं मिळून त्या ॲपचा वर्षभराचा हिशेब उघडा. हिशेबाचं काम करतेस ना, मग घरचाही कर. आकडा बघून ह्यांनी स्वतःच ॲप काढलं तर विषय संपला. नाही काढलं, किंवा उघडून दाखवायलाच टाळाटाळ केली, तर 1800 858 858 वर फोन कर. घरच्या माणसांनीही करायचा असतो तो, फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही. 2023 पासून बेटस्टॉप म्हणून सरकारी नोंदणीही आहे, तिथे त्यांनी स्वतः नाव घातलं की परवानाधारक सगळी ऑनलाइन खाती एकदम बंद होतात.

राहता राहिलं तू ताजा कलममध्ये विचारलेलं, की मार्कीत रिकाम्या हाताने कसं जायचं. आयोजकांना विचार, बाहेरचं खाणं चालतं का. चालत असेल तर सासूबाईंच्या हातची चकली ने, मोठा डबा भरून. पण त्यात तीळ आहेत हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिही, इथे तिळाची ॲलर्जी असलेली माणसं बरीच असतात आणि भूलतज्ज्ञाला सुट्टीच्या दिवशी काम नको.